विशेषणं बाजूला ठेवा, हाका ऐका

साहित्याच्या अभ्यासाला नव्याने बसलेल्याला 'अमुक व्यक्तिरेखेचं स्वभावचित्रण करा' हा प्रश्न हमखास भेटतो. मलाही तोच आला होता. विषय होता महाभारतातला कर्ण. दानशूर, स्वाभिमानी, उपेक्षित, मैत्रीला जागणारा, अशी एकेक विशेषणं घेऊन प्रत्येकाला एकेक प्रसंग जोडला आणि चार पानं भरली. निबंध परत आला तेव्हा बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं : 'हे सगळं कुणासमोर?'

त्या प्रश्नाचा अर्थ लागायला मला बराच वेळ गेला. आता मात्र कुठलीही अभिजात कृती हातात घेतली की मी तिथूनच सुरुवात करते. दुर्योधनासमोरचा कर्ण, भीष्मांसमोरचा कर्ण आणि कुंतीसमोरचा कर्ण ही तीन टोकं आहेत. त्यांची सरासरी काढून एक 'स्वभाव' लिहिला, तर हाती लागतो तो कुठल्याच प्रसंगात नसलेला माणूस.

उद्योगपर्वातली कर्ण-कुंती भेट घ्या. सगळ्यांना तोंडपाठ असलेला प्रसंग, म्हणूनच तो सावकाश वाचायला हवा. कर्ण गंगेच्या काठी पूर्वेकडे तोंड करून, हात उंच करून जप करतो आहे. कुंती त्याच्या मागे येऊन उभी राहते. ऊन तापलेलं आहे, आणि ती उभी आहे त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत, सुकत चाललेल्या कमळांच्या माळेसारखी. जप संपेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. जन्मतःच ज्याला पाण्यात सोडलं, त्याच्या वस्त्राची सावली आज आई घेते आहे. व्यासांनी यावर एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही. फक्त कोण कुठे उभं आहे ते सांगितलं आहे.

मग कर्ण वळतो, हात जोडतो आणि म्हणतो, 'राधेयोऽहमाधिरथिः कर्णस्त्वामभिवादये.' मी राधेचा मुलगा, अधिरथाचा मुलगा कर्ण, तुला वंदन करतो. पहिल्या वाचनात मी हे वाक्य ओलांडून पुढे गेले होते. ओळख करून देतोय, एवढंच वाटलं. पण थोडं मागे जाऊन पाहा. या भेटीच्या आधीच कृष्णाने त्याला रथात बसवून त्याच्या जन्माची हकीकत सांगितलेली आहे. म्हणजे समोर कोण उभं आहे, हे त्याला माहीत आहे. माहीत असूनही तो आधी राधेचं नाव घेतो. कुंतीने तोंड उघडण्यापूर्वीच उत्तर दिलं गेलं आहे. आणि तिलाही ते बरोबर कळतं, कारण तिचं पहिलंच वाक्य ते नाव खोडून काढतं : 'कौन्तेयस्त्वं न राधेयो.' तू कुंतीचा मुलगा, राधेचा नव्हेस. या दोन ओळींत जे नातं आहे, ते माझ्या चार पानांत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून माझी एक वही आहे. कृती पहिल्यांदा वाचताना मी काही लिहीत नाही, नुसतं वाचते. दुसऱ्या वाचनात फक्त दोन माणसं निवडते आणि ती समोरासमोर येतील तेवढेच प्रसंग उतरवते. कोण कुणाकडे चालत आलं? आधी कोण बोललं? कोणत्या नावाने हाक मारली? तिसरं कोणी ऐकायला होतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या क्षणी कुणाला काय माहीत होतं? हा शेवटचा रकाना नवे लोक हटकून रिकामा सोडतात. आपल्याला पुढची कथा माहीत असते, त्यामुळे ती पात्रालाही माहीत आहे असं नकळत धरून चालतो.

मराठी वाचकाला हाकांच्या बाबतीत एक फायदा आहे. तू, तुम्ही, आपण, अहो-जाहो, अरे-तुरे यांतून नात्याची जागा ठरते, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तो कान परक्या कृतींनाही लावा. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' (१८७९) या नाटकात टोरवाल्ड बँकेचा व्यवस्थापक होणार आहे आणि क्रोगस्टाड या जुन्या ओळखीच्या माणसाला नोकरीवरून काढायला निघाला आहे. बायको नोरा रदबदली करते. तेव्हा टोरवाल्ड कारण सांगतो ते असं, की क्रोगस्टाडच्या वागण्याकडे एक वेळ काणाडोळा करता आला असता, पण हा माणूस चारचौघांत मला अरे-तुरे करतो. ही कारणं कोत्या मनाची आहेत असं नोरा म्हणते. तो शब्द त्याला इतका झोंबतो की तो तिथल्या तिथे मोलकरणीच्या हाती बडतर्फीचं पत्र धाडून देतो. हाच माणूस बायकोला चंडोल आणि खार म्हणून गोंजारत असतो. त्याला कुणी खालून वर हाक मारावी हे चालतं, बरोबरीने मारलेली चालत नाही. शेवटच्या अंकात नोरा त्याला समोर बसवते आणि सांगते की लग्नाला आठ वर्षं झाली, पण आपण दोघं गंभीरपणे बोलतोय ते आज पहिल्यांदा. हाकांचा रकाना नीट भरला असेल तर हे वाक्य आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

दुसरी सवय लावून घ्या ती निवेदक तपासण्याची. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असं म्हणाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अनेक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात हे वाक्य नाही. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. प्रसंग घडताना निवेदक सांगतो की भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ हसले. द्रौपदीचं नाव तिथे येत नाही. ते येतं नंतर, दुर्योधन घरी परतून धृतराष्ट्राला हकीकत सांगतो तेव्हा. द्रौपदी इतर स्त्रियांसह हसली, हे त्याचं सांगणं आहे. ती हसली की नाही यावर वाद घालत बसू नका. त्याला ते हसू ऐकू आलं, त्याने ते बापापुढे मांडलं आणि पुढे त्याच बाईला सभेत ओढून आणलं गेलं, हा धागा पकडा. तो दुर्योधनाबद्दल खूप सांगतो, द्रौपदीबद्दल फार थोडं.

म्हणून माझा आग्रह आहे की परीक्षेला जी कृती आहे तिची संहिताच वाचा, किमान विश्वासू अनुवाद तरी. कादंबऱ्या, नाटकं, मालिका यांतून आलेला कर्ण मलाही प्रिय आहे. पण तो वेगळा कर्ण आहे आणि त्याचा अभ्यास वेगळा करायचा. शकुंतलेचंच बघा. महाभारतात शाप नाही, अंगठीही नाही. दुष्यंत तिला ओळखून नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर लोकांना खात्री पटावी म्हणून तसं केलं असं सांगतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला आणि राजाला खरोखरच विसर पडू दिला. गोष्ट तीच, पण राजाच्या माथ्यावरचा दोष हलला. दोन्ही दुष्यंतांचे पुरावे एका परिच्छेदात मिसळले की उत्तर कोसळलंच.

आणखी एक. पात्र मेलं की त्याचं पान बंद करू नका. कर्णपर्वात कर्ण पडला आणि मी वही मिटली होती. स्त्रीपर्वात युद्ध संपलेलं आहे, पांडव मृतांना पाणी देत आहेत, आणि तेव्हा कुंती बोलते. ज्याला तुम्ही सूतपुत्र मानत होतात, राधेय मानत होतात, तो तुमचा थोरला भाऊ. त्याला पाणी द्या. गंगाकाठी तिने जे नाव खोडलं होतं, तेच आता तिला मुलांपुढे स्वतःच्या तोंडाने घ्यावं लागतं, कारण ते नाव घेतल्याशिवाय कोणाबद्दल बोलते आहे हे मुलांना कळणारच नाही. माझ्या वहीत 'राधेय' या शब्दासमोर आता दोन नोंदी आहेत, उद्योगपर्व आणि स्त्रीपर्व, आणि दुसरीसमोर ऐकणाऱ्यांच्या रकान्यात पाच नावं.