ग्लायकॉल भरायच्या आदल्या दिवशी

चिलरचा, म्हणजे कारखान्यातल्या थंड करणाऱ्या यंत्राचा, शटडाऊन शनिवारी असला की माझी तयारी गुरुवारी दुपारीच सुरू होते, आणि पहिलं काम पाना-स्पॅनर काढायचं नसतं. पहिलं काम म्हणजे प्लँटभर हिंडून थंड पेयाच्या आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणं. चिलर रूमच्या खिडकीत, पंपाच्या फाउंडेशनवर, पॅनेलच्या मागे, कूलिंग टॉवरच्या शिडीखाली. दर खेपेला आठ-दहा तरी सापडतातच. नवी मुंबईच्या रबाळे-महापे कारखान्यांच्या पट्ट्यात ज्यांनी मेंटेनन्समध्ये वर्षं काढलीत त्यांना कारण सांगायला नको. नरसाळं सापडलं नाही की बाटली कापायची, आणि ड्रमच्या तळाला लिटरभर ग्लायकॉल उरलं की तेही बाटलीत भरून ठेवायचं, "टॉप-अपला लागेल" म्हणून.

मी बोलतोय ते इथिलीन ग्लायकॉलबद्दल. स्टोअरमध्ये त्याला एमईजी म्हणतात, चिलरवाले ब्राइन म्हणतात, डीजीवाले, म्हणजे डिझेल जनरेटर सांभाळणारे, नुसतं कूलंट. पाण्यात निम्मं मिसळलं तर उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, म्हणून चिलरच्या लाइनमध्ये ते लागतं. मूळचं बिनरंगी, जवळजवळ बिनवासाचं, पातळ पाकासारखं. हिरवा, गुलाबी, केशरी हे रंग बनवणाऱ्याने घातलेले असतात, त्यावरून आत काय आहे ते ओळखू येत नाही. आणि चवीला ते गोड असतं. ॲसिड तोंडात गेलं तर माणूस थुंकतो, ओरडतो. हे गिळून झाल्यावर माणूस विचारतो, "कसलं सरबत आहे रे?"

हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्यात शिफ्टला होतो. मे महिना, रात्रीचा शटडाऊन, ठेकेदाराचा एक तरुण फिटर. पंपाचा ग्लँड बांधून घामाघूम होऊन आला, खिडकीतली बाटली उचलली, दोन मोठे घोट घेतले आणि सरबताचं विचारलं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्याने चूळ भरली आणि परत कामाला लागला. दीडेक तासाने शिडीवरून उतरताना त्याचा पाय चुकायला लागला, जीभ जड झाली. सुपरवायझर म्हणाले, "टाकून आलेला दिसतोय, घरी पाठवा, सकाळी बघू." गेटवर सिक्युरिटीचे एक काका होते, साताऱ्याकडचे. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "सायेब, दारूचा वास न्हाई ह्याला. वासाबिगर एवढी चढती व्हय?" तेवढ्यावरून तो रिक्षाने घरी जायचा तो हॉस्पिटलात गेला.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायलाय? आम्ही म्हटलं, कूलंट. कुठलं कूलंट? कोणालाच सांगता येईना. ड्रम वर्षभर शेडबाहेर पडलेला, लेबल पावसात गळून गेलेलं, स्टोअरकीपरचा फोन बंद. नाव कळेपर्यंत उजाडलं. फिटरला बरेच दिवस डायलिसिसवर ठेवावं लागलं. वाचला. तेव्हापासून माझ्या यादीत बाटल्यांच्या पाठोपाठ दुसरं काम असतं ते लेबलाचं.

लेबल म्हणजे ड्रमवर खडूने लिहिलेलं 'कूलंट' नव्हे. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात: इथिलीन ग्लायकॉल, सीएएस नंबर (रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक) १०७-२१-१, किती टक्के, बनवणाऱ्याचं नाव. ते लॅमिनेट करून एक प्रत ड्रमला बांधायची, एक चिलर रूमच्या दाराला, आणि एक गेटवर ठेवायची. पेशंटसोबत जाणारा माणूस जाता जाता ती उचलतो. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या धोक्यांचं माहितीपत्रक, तीही सोबत द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. सोळा भागांची ती इंग्रजी शीट फाइलीत असते, फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली सेफ्टी ऑफिसरकडे. तिच्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा आहे, तेवढा अर्धं पान मराठीत आणि अर्धं पान हिंदीत उतरवून भिंतीवर लावा. आपले निम्मे हेल्पर उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत.

ड्रम उघडण्याआधी नाव पूर्ण वाचायचं. एमईजी आणि डीईजी (डायइथिलीन ग्लायकॉल) ही सख्खी भावंडं, दिसायलाही सारखीच. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं आणि १४ पेशंट गेले. न्यायमूर्ती लेंटिन चौकशी आयोग त्याच प्रकरणाचा. तिथे तर सगळे डॉक्टरच होते, आणि तरी ओळखू आलं नव्हतं. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं विष त्या मानाने बरंच सौम्य, म्हणून खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ते वापरतात. पण रंग बघून कोणी "हे फूड ग्रेडवालं आहे" म्हणाला तर त्याला ड्रमपाशी नेऊन वाचायला लावा.

आता हॉस्पिटल. हा फोन गुरुवारीच करायचा, कारण रात्री अडीच वाजता ऑपरेटर उचलतो आणि होल्डवर टाकतो. वाशीचं महापालिका रुग्णालय असो, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, ईएसआयचं असो की तुमच्या कंपनीचं टाय-अप असलेलं खासगी, प्रश्न तेच विचारायचे: रात्री डायलिसिस होईल का? किडनीचे डॉक्टर बोलावल्यावर किती वेळात येतात? फोमेपिझोल आहे का? हे औषध नेमकं ह्याच विषावरचं, पण प्रत्येक हॉस्पिटलात ते ठेवलेलं नसतं. उत्तरं कागदावर लिहून घ्या. जवळचं हॉस्पिटल ते नेहमीच बरोबर हॉस्पिटल असतं असं नाही, आणि संध्याकाळी सात वाजता ठाणे-बेलापूर रोडवर चुकीच्या दिशेला निघालात तर परत फिरण्यात पाऊण तास जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर १८००-११६-११७. हे दोन्ही भिंतीवर हवेत, मोबाइलमध्ये नकोत, कारण ज्याच्या मोबाइलमध्ये ते असतात तोच नेमका जेवायला गेलेला असतो.

इतकी घाई कशासाठी, हे शुक्रवारच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत) मी नीट वेळ घेऊन सांगतो. पोटात गेलेलं ग्लायकॉल पहिल्या काही तासांत फक्त झिंग आणतं. तोल जातो, मळमळतं, बोलणं अडखळतं. खरं विष नंतर शरीरातच तयार होतं. दारू पचवणारं जे एन्झाइम आहे तेच ह्याला हात घालतं, त्यातून ॲसिडं बनतात, रक्त आंबट होतं आणि शेवटी ऑक्झलेटचे खडे मूत्रपिंडात जाऊन बसतात. साधारण बारा तासांनंतर श्वास जोरात चालतो, छाती धडधडते. एक-दोन दिवसांत कमरेत दुखतं, लघवी कमी होते किंवा थांबते. घोळ असा, की पहिली झिंग उतरल्यावर मधल्या वेळात माणूस बरा दिसू शकतो. "आता ठीक आहे मी" असं तोच म्हणतो आणि डबा उचलून घरी जायला निघतो. डॉक्टरांना हवा असतो तो ह्याच्या आधीचा वेळ, ॲसिडं बनण्याआधीचा. मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिलिटर जीवघेणं मानतात, म्हणजे टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासापेक्षा थोडंसं जास्त. त्याहून कमी पिऊनही माणसं दगावली आहेत. लहान मुलाला एखाद-दोन घोट पुरतात.

हे एन्झाइमचं ऐकलं की मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास विचारतो, "मग साहेब, क्वार्टर पाजली तर?" प्रश्नात तथ्य आहे. तेच एन्झाइम दारूत गुंतवून ठेवायचं हा जुना उपचार आहे आणि फोमेपिझोल नसेल तिथे डॉक्टर तो करतातही. पण मोजून, तासातासाला रक्त तपासून, हॉस्पिटलच्या खाटेवर. आधीच गुंगीत असलेल्या माणसाला आपण शेडमध्ये क्वार्टर पाजली तर तो उलटी छातीत ओढून घेईल, आणि डॉक्टरांना शेवटी कळणारही नाही की झिंग कशाची. तेव्हा दारू नाही. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून ओकारी काढणंही नाही. तोंड पाण्याने धुवायचं, किती वाजता आणि अंदाजे किती प्यायला ते पेनने त्याच्याच मनगटावर लिहायचं, बाटली जशीच्या तशी सोबत घ्यायची आणि निघायचं. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवायचं आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचं. "नुसतं ओठाला लागलं" म्हणाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही. लाजेपोटी माणसं घोट कमी करून सांगतात.

पोटातलं सोडलं तर बाकीचे धोके सांगायला थोडे आहेत. थंड असताना त्याची वाफ जवळजवळ होत नाही. गरम झालं किंवा गळतीतून फवारा उडाला तर नाक, घसा चुरचुरतो, डोकं दुखतं. अशा माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, श्वास लागत असेल तर डॉक्टर. कातडीला लागलं तर साबण-पाण्याने धुणं पुरतं, पण भिजलेला बॉयलर सूट अंगावर ठेवून शिफ्ट काढायची नाही. हातमोजे नायट्राइलचे घ्या. विणलेले सुती मोजे घातले तर ते ग्लायकॉल शोषून हाताला धरून ठेवतात.

डोळ्यांबद्दल मात्र थांबतो. आयवॉश स्टेशन, म्हणजे डोळे धुवायचा नळ, आहे ना, एवढंच सगळे बघतात. मी दुपारी दोन वाजता जाऊन तो चालू करतो. आमच्याकडची पाइपलाइन गच्चीवरून येते आणि मे महिन्यात त्यातून पहिलं मिनिटभर चहा करता येईल असं पाणी येतं. डोळ्यात कूलंट गेलेल्याने ते गरम पाणी डोळ्यात घेतलं की तो मागे उडी मारतो आणि परत जवळ येत नाही. म्हणून पाइपला आवरण बांधा, आणि शटडाऊनच्या दिवशी दर दोन तासांनी पाणी सोडून थंड करून ठेवा. धुवायचं किमान पंधरा मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, लेन्स असेल तर काढून. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे डोकं खाली घालून उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. तो दोन मिनिटांत "झालं" म्हणतो. शेजारी घड्याळ घेऊन एकाने उभं राहायचं, आणि तो कोण हे आधीच नाव घेऊन ठरवायचं.

डीजीच्या रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडणारे महाभाग अजून आहेत. आत प्रेशर असतं. झाकणाला उघड्या तळहाताने आरामात हात लावता येईपर्यंत थांबायचं, घाई असली तरी. भाजलंच तर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको.

ड्रम ठेवायची जागा बघून घ्या. कूलिंग टॉवरच्या पाण्यात टाकायची हायपोक्लोराइटची पावडर आणि ग्लायकॉल एका शेडमध्ये शेजारी नकोत, पोटॅशियम परमँगनेटही नको. ह्या दोन्हींपैकी काहीही ग्लायकॉलवर सांडलं तर काडी न लावता पेट घेऊ शकतं. फरशीवर सांडलेलं ग्लायकॉल साबणासारखं निसरडं असतं, त्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून उचलायचं. होज लावून गटारात लोटायचं नाही. आणि शेडमधली मांजरं त्या दिवशी बाहेर काढा. त्यांना चमचाभर पुरतं. आमच्या कँटीनमागची एक बोकी अशीच गेली. ड्रिप ट्रेमधलं चाटत होती आणि आम्हाला वाटलं, पाणी पितेय.

बेलापूरला कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे, आपल्यापासून अर्ध्या तासावर, आणि दर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आपण सगळे हिरवा बॅज लावून शपथ घेतो. शपथेला माझी हरकत नाही. त्या दिवशी आयवॉशही चालू करून बघावा, एवढंच म्हणतो.

काम संपल्यावर उरलेलं ग्लायकॉल मूळ ड्रममध्येच परत, बूच घट्ट, किती उरलं ते लॉगबुकात. मग रिकामे कॅन. वीस लिटरचा निळा कॅन म्हणजे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या वस्त्यांत पिण्याचं पाणी भरायची हक्काची वस्तू, आणि हेल्पर तो मागतोच. "साहेब, धुऊन घेतो ना." त्याला चांगला नवा कॅन घेऊन द्या, हा नको. हे कॅन अधिकृत रीसायकलरकडेच जातात, पण गाडी यायला महिना लागतो आणि तेवढ्यात दोन-तीन कमी होतात. म्हणून मी ड्रिल घेऊन स्वतः बसतो आणि प्रत्येक कॅनच्या तळाला अर्ध्या इंचाची दोन भोकं पाडतो. मागच्या वर्षी बावीस कॅन होते. एका हेल्परने भोकं पाडलेला एक तरी नेलाच. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, तुळस लावलीय.