कोल्हापुरातून स्की क्रॉसकडे जाताना

दर पावसाळ्यात दोन-तीन पोरं तरी भेटायला येतात. बहुतेक इनलाइन स्केटिंगवाली, एखादा सायकलवाला. मोबाइलवर स्की क्रॉसची, म्हणजे बर्फाच्या उतारावर चौघांनी एकदम स्कीवरून उतरण्याची शर्यत दाखवतात आणि विचारतात, "दादा, हे आपल्याला जमंल का?" मी अल्पाइन स्कीइंगमधून, म्हणजे उतारावर एकेकट्यानं वेळेशी शर्यत लावण्यातून, या खेळात शिरलो, युरोपात खालच्या पातळीवरच्या शर्यती खेळलो आणि आता इथंच पोरांची तयारी करून घेतो. त्यांना जे सांगतो, तेच इथं लिहितोय.

आधी खेळ समजून घ्या. सुरुवातीला एकेकट्यानं वेळ लावून उतरायचं. त्या वेळेवरून बाद फेरीतल्या जोडण्या ठरतात. मग लाल, हिरवा, निळा, पिवळा असे बिब (अंगावरचे रंगीत बनियन) घालून चौघं एकदम सुटतात. पहिले दोघं पुढं, उरलेले घरी. सुरुवातीचं गेट पडलं की दोन्ही बाजूंच्या दांड्या हातांनी ओढून अंग पुढं फेकायचं. लगेच रोलर येतात, म्हणजे बर्फाचे लागोपाठचे उंचवटे. मग बांध घातलेली वळणं आणि उड्या. साधारण मिनिटभरात सगळं आटोपतं. खेटाखेटी होते, पण मुद्दाम ढकललं, ओढलं किंवा वाट अडवली तर पंच कारवाई करतात. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला २०१० साली, व्हँकुव्हरला. पुरुषांत स्वित्झर्लंडचा मायकल श्मिड आणि महिलांत कॅनडाची अ‍ॅशली मॅकआयव्हर पहिले विजेते ठरले.

हे बघून पोरांना थेट क्रॉसच्या ट्रॅकवर जायचं असतं. माझं ठाम मत आहे की तसं जाऊ नये. आधी जायंट स्लालम शिका, म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांच्या दारांमधून वळत उतरण्याची अल्पाइन शर्यत, आणि त्याला घाई करू नका. शेजारी तिघं त्याच वेगात असताना आपल्या स्कीची कड बर्फात धरली आहे की नाही याचा विचार करायला वेळ नसतो. ते पायानं आपोआप केलं, तरच डोळे पुढच्याच्या पाठीवर आणि मोकळ्या वाटेवर राहतात. तो सराव दारांमधून हजारदा वळल्यानंच येतो.

बर्फाआधीची तयारी मात्र कोल्हापुरात उत्तम होते. तालमीतल्या बैठकांनी दम येतो, पण रोलरवर पाय दाब सोसत खाली जातो, म्हणून वजन घेऊन सावकाश खाली बसण्याचा व्यायाम वेगळा करावा लागतो. ठोकळ्यावरून उडी मारून आवाज न करता उतरणं, एका पायावर आडव्या उड्या, हेही रोजचं. गेटवरच्या ओढीसाठी दोरखंड चढण्यासारखं दुसरं काही नाही. आणि कुस्ती खेळलेल्या पोराला अंगाला अंग लागल्यावर समोरच्याचं वजन कुठं चाललंय ते न बघता कळतं. वळणात कोणी खांद्याला खेटला की तो बिचकत नाही. ही जाण मी परदेशी शिबिरांत मुद्दाम खेळ लावून शिकवताना पाहिली. आपल्याकडं ती लाल मातीत मिळते.

स्केटिंगवाल्यांना एक सांगतो. तोल आणि कडेची समज तुमच्याकडं आहे, पण तुम्ही बर्फावर ताठ उभे राहता आणि वजन टाचेवर जातं. स्कीच्या बुटात नडगी सतत पुढच्या जिभेवर दाबलेली हवी. वजन मागं गेलं की स्की वळत नाही, आणि उडीनंतर सगळा भार गुडघ्यावर येतो. ज्योतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या घाटात वाहनांमधून चाकांवर उतरण्याचा उद्योग करू नका. त्यातून तयारी होत नाही, जीव मात्र जाऊ शकतो.

शिकायला गुलमर्ग, मनाली, औली. गुलमर्ग आणि मनालीच्या सरकारी संस्थांत सुमारे दोन आठवड्यांचे पायरीपायरीचे कोर्स असतात, आणि सुरुवात तिथंच करावी. पैसे आले की सगळे आधी स्की घेतात. तुम्ही आधी बूट घ्या, स्की भाड्यानं चालतात. भाड्याच्या सैल बुटात लागलेली सवय मोडायला अख्खा हंगाम जातो. तारखा लवचीक ठेवा. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फ नसल्यानं पुढं ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या होत्या.

आता कारकिर्दीचं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघात स्की क्रॉस फ्रीस्टाइलमध्ये मोडतो, त्यामुळं शर्यतींतून मिळणारे अल्पाइनचे क्रमवारीचे गुण इथं चालत नाहीत. परवाना राष्ट्रीय महासंघामार्फतच मिळतो. अल्पाइनमध्ये किमान गुण असलेल्या लहान देशांच्या खेळाडूला ऑलिम्पिकची एक वाट असते. गुलमर्गचा आरिफ खान २०२२ ला बीजिंगमध्ये उतरला आणि जायंट स्लालममध्ये ४५वा आला. स्की क्रॉसमध्ये तशी सोय नाही. विश्वचषकाच्या पातळीवर टिकावंच लागतं. म्हणून अल्पाइनची वाट चालू ठेवूनच क्रॉसचा विचार करा.

खर्च मोठा आहे, आणि तो मुख्यतः युरोपातल्या मुक्कामाचा. नोकरीचा आधार लागतोच. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरी करत २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेऊन आला. बर्फावरच्या खेळात लष्कर आणि आयटीबीपीतून (भारत-तिबेट सीमा पोलीस) आलेले कितीतरी खेळाडू दिसतात. प्रशिक्षक होणं, स्कीच्या कडेला धार लावणं, मेण लावणं, फिजिओथेरपी, हीही याच खेळातली कामं आहेत आणि ती मनापासून करण्याजोगी आहेत.

आईवडिलांशी धोक्याबद्दल स्पष्ट बोला. गुडघ्याचा लिगामेंट तुटणं इथं नेहमीचं. २०१२ मध्ये कॅनडाचा निक झोरिसिक ग्रिंडेलवाल्डच्या शर्यतीत शेवटच्या उडीनंतर पडून मरण पावला. प्रवास विम्यात स्पर्धा बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. पॉलिसीतली ती ओळ शोधून वाचा आणि स्पर्धेसाठी वेगळा विमा घ्या.

राहिली परीक्षा. बर्फ जानेवारी ते मार्च, आणि दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दोन वर्षांत स्पर्धेचा हट्ट धरू नका. जानेवारीत एक कोर्स जमला तर करा, नाहीतर इथं पायांची ताकद वाढवा. त्या एका हिवाळ्यानं तुमचं काही जात नाही.