उधाण बांधाच्या किती खाली थांबतं, ते मोजून ठेवा

1901 ते 2018 या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर चढली. 2006 ते 2018 मध्ये वेग होता वर्षाला 3.7 मिलिमीटर. आपल्याकडे रोजच्या भरती-ओहोटीतच मीटरांचा फरक, तिथे एवढ्याचं काय? पण खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध फुटतो तो वर्षातल्या दोन-चार मोठ्या उधाणांत. उधाण माथ्याच्या वीतभर खाली थांबत असेल, तर याच वेगाने तीस वर्षांत अर्धी वीत संपली.

मोजणी पावसाळ्यातल्या अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत करा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, द्वितीयेला दीड वाजता. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, म्हणून काठी सकाळच्या ओहोटीलाच रोवा. नुसत्या काठीवर लाटांचे शिंतोडे उडून खूण फसवी येते. दोन इंची पीव्हीसी पाइपच्या तळाशी तीन-चार भोकं पाडा, तो उभा घट्ट बांधा आणि आत खडू फासलेली पट्टी सोडा. पाणी चढेल तिथवर खडू धुतला जाईल. ती उंची गवंड्याच्या लेव्हल पाइपने बांधापर्यंत न्या. पाइपात एक जरी बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. मोजायचं ते माथ्याच्या सर्वांत खचलेल्या जागी, बहुधा गुरांच्या वाटेवर. पाणी तिथूनच ओलांडतं. आकडा तारखेसह लिहून ठेवा. एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, वारा आणि कमी दाबसुद्धा पाणी फुगवतात.

उघाडीकडेही, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडणाऱ्या बांधातल्या झडपेच्या दाराकडेही लक्ष हवं. ओहोटीला खाडी शेतातल्या पाण्याच्या खाली गेली तरच झडप उघडते. समुद्र चढला की तो वेळ कमी होतो आणि बांध शाबूत असूनही भात कुजतं. झडपेत अडकलेला कचरा आधी काढा, मग समुद्राला दोष द्या. खेकड्यांची बिळं वरून लिंपून भागत नाही. पूर्ण खणून चिकणमाती वीतभर थरांनी धुमसावी लागते. त्यासाठी माती बांधाच्या पायथ्याची उचलू नका, आणि समोरची कांदळवनं तोडू नका, लाटांचा मार तीच झेलतात.

विहिरीचं पाणी मे महिन्यात टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारं यंत्र) पाहा, पंप लावण्याआधी आणि तासभर चालल्यावर. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभरात दोन भाग मिसळले तरी आकडा 700 ने वाढतो. मात्र मीटर क्षार कोणता ते सांगत नाही, शोषखड्ड्यामुळेही आकडा चढतो. क्लोराइडची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. पंपानंतर खारटपणा वाढत असेल तर थोडा थोडा उपसा करा. विहीर आणखी खोल करणं ही नेहमीची चूक: गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, खोल गेलात की खारंच लागतं.