रोजच्या साध्या जेवणाबद्दल कृतज्ञ कसं व्हावं

घरच्या साध्या जेवणाची किंमत ओळखा, हा सल्ला सगळेच देतात. ओळखायची कशी, ते कुणी सांगत नाही. मग माणूस छान कव्हरची वही आणतो, रोज रात्री 'कुटुंब, आरोग्य, जेवण' असं लिहितो आणि पंधरवड्यात वही कपाटात जाते. वहीपासून सुरुवात करू नका.

दिवसातलं एकच जेवण निवडा, ज्याला घरातले बहुतेक जण हजर असतात. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी अडचण पुढे आहे. रोज नीट होणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. भाजीत मीठ बरोबर पडतं त्या दिवशी मिठाचं कुणी नाव काढत नाही; विसरलं की पहिल्याच घासाला सगळ्यांना कळतं. त्यामुळे ताटावर बसून 'मला कृतज्ञ वाटतंय का?' असं मनाला विचारून उपयोग नाही. काही वाटत नाही आणि वर अपराधी वाटायला लागतं. मी इथेच बराच काळ अडकलो होतो. भावना शोधायचं सोडून काम शोधायला लागलो, तेव्हा सुटलो.

ताटातला एकच पदार्थ घ्या आणि तिथून उलटं मागे जा. समजा, कडधान्य आहे. आज ते शिजलं, कारण काल रात्री झोपण्याआधी कुणाला तरी ते भिजत घालायची आठवण झाली. म्हणजे आजचा बेत कालच ठरला होता. डब्यात किती शिल्लक आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं, कुणाला तिखट चालत नाही हेही. कांदा मंद आचेवर परतताना दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी तिथून हललं नाही, कारण कडेचा कांदा आधी करपतो आणि मग सगळ्यालाच कडवट चव येते. यातलं निम्मं काम डोक्यात चालतं. ते ओट्यावर दिसत नाही, म्हणून त्याला दादही मिळत नाही.

मागे जाताना अडखळलात, तर ते काम तुम्हाला माहीतच नाही असं समजा. उपाय एकच: एक दिवस ते जेवण स्वतः करा. पण पूर्ण करा, काय करायचं ते ठरवण्यापासून ओटा पुसून उद्याचं भिजत घालण्यापर्यंत. चिरून मांडून ठेवलेल्या सामानात कालथा फिरवायचा, फोटो काढायचा आणि पसारा दुसऱ्यावर सोडायचा, याला स्वयंपाक म्हणत नाहीत. 'मीठ कुठे आहे?' असं दर दोन मिनिटांनी विचारायचंही नाही. शोधा.

दिसलं की बोला. 'छान झालंय' चालणार नाही; ते सवयीने बोललं जातं आणि सवयीनेच ऐकलं जातं. 'एवढी घाई होती, तरी माझ्यासाठी कमी तिखटाचं वेगळं काढलंस' असं नेमकं बोला. घरच्या माणसाशी असं बोलायचा संकोच वाटतो, खरं आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये आभाराच्या पत्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचणारा अवघडून जाईल ही लिहिणाऱ्यांची भीती वाजवीपेक्षा जास्त निघाली आणि त्याला किती बरं वाटेल याचा अंदाज कमी पडला. फक्त शेवटी 'पण' जोडू नका. 'मस्त होतं, पण जरा पातळ झालं' ही तक्रारच आहे.

मुलांकडून 'थँक यू' वदवून घेऊ नका. त्यांना कांदे सोलायला द्या.

वही ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. यात मला नवल वाटत नाही. फार लिहिलं की यादी पाठ होते.

आणि कौतुकाने भांडी घासली जात नाहीत. रोज राबणारा माणूस एकच असेल, तर गोड शब्द त्याला लवकरच टोचायला लागतात. बोलून झालं की उठा आणि उद्याचा बेत ठरवायचं काम स्वतःकडे घ्या. 'काही मदत करू का?' असं विचारू नका. काय मदत करायची हे ठरवायचं काम परत त्याच माणसाच्या डोक्यावर जातं.