प्रबंधातून शोधनिबंध लिहिताना

मुंबईतील रुग्णालयात पाळ्या सांभाळून एम.एस्सी. नर्सिंग पूर्ण केलेल्या परिचारिकेकडे लिहिण्याजोगे पुष्कळ असते. परंतु दीडशे पानांचा प्रबंध थोडक्यात आणला की शोधनिबंध तयार होतो, या समजुतीपायी तो बहुधा कपाटातच राहतो. प्रबंध परीक्षकासाठी असतो आणि निबंध दुसऱ्या एखाद्या लेबर रूममधील सिस्टरच्या उपयोगासाठी, म्हणून प्रबंधातील एकच प्रश्न उचलावा. उदाहरणार्थ, सिझेरियननंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू होण्यास कशामुळे उशीर होतो, एवढाच विषय घेतला, तर मातांचे ‘ज्ञान व दृष्टिकोन’ मोजणारी प्रकरणे निःसंकोच वगळता येतात. (ती मोजण्याचा आपल्याकडे जरा अतिरेकच झाला आहे.)

लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नये. आधी तक्ते नक्की करावेत, मग कार्यपद्धती, आढळलेल्या बाबी, चर्चा व प्रस्तावना या क्रमाने लिहावे आणि गोषवारा अगदी शेवटी लिहावा.

सर्वाधिक कस कार्यपद्धतीत लागतो. मुंबईच्या प्रसूती वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारी भोजपुरी, पलीकडे उर्दू बोलणारी माता असते. तेव्हा प्रश्नावलीचे भाषांतर कोणी केले, ते मूळ भाषेत परत उलटवून तपासले का आणि संमतीपत्र वाचता न येणाऱ्या मातेची संमती कशी घेतली, हे स्पष्ट लिहावे. मुलाखत घेणारी व्यक्ती त्याच वॉर्डात ड्यूटीवर असेल, तर मातेला नकार देणे जड जाते. हे लपवू नये. मुलाखतींवर आधारित अभ्यासाच्या निबंधात काय काय नोंदवावे हे सांगणाऱ्या ‘कोरेक’ या ३२ मुद्द्यांच्या सूचीत या नात्याविषयी थेट विचारणा आहे. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी २२ मुद्द्यांची तशीच ‘स्ट्रोब’ सूची वापरावी.

नैतिक समितीची मान्यता माहिती गोळा करण्यापूर्वीच घ्यावी लागते, मागाहून ती मिळत नाही. अभ्यास म्हणजे क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिली सहभागी नोंदवण्याआधी सीटीआरआय या भारतातील अशा चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी करावी; १ एप्रिल २०१८ पासून तेथे केवळ आगाऊ नोंदणीच स्वीकारली जाते.

लेखकांची नावे व क्रम गाइडशी बोलून आरंभीच कागदावर ठरवावा. अभ्यासात भरीव सहभाग, लेखन वा सुधारणा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी या चारही अटी पूर्ण करणाराच लेखक ठरतो. केवळ विभागप्रमुख असणे पुरेसे नाही.

आठवड्यात छापून देण्याची हमी देत शुल्क मागणाऱ्या जर्नलपासून दूर राहावे. यूजीसीने मान्य जर्नलांची आपली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली असल्याने त्या यादीची जाहिरातही आता निरर्थक आहे. जर्नल ‘स्कोपस’ या आंतरराष्ट्रीय संशोधन-सूचीत असल्याचा दावा स्कोपसच्याच संकेतस्थळावर तपासावा. निबंध एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवावा.

समीक्षकांचे शेरे आल्यावर दोन दिवस काहीच लिहू नये. नंतर प्रत्येक शेरा उतरवून त्याखाली केलेला बदल पान व ओळ क्रमांकासह नोंदवावा आणि जो बदल मान्य नसेल, त्यापुढे कारण लिहावे.