गार्ड रेल परत कसायची असेल तर आधी बुचं मोजा

रेल्वेच्या खडीच्या पुलावर टॅम्पिंग मशीन (रुळाखालची खडी ठोकून घट्ट बसवणारं यंत्र) चालवायचं म्हणजे आधी गार्ड रेल, म्हणजे गाडी ज्यांवरून धावते त्या रुळांच्या आत बसवलेले जादा रूळ, काढायची आणि मशीन पुढे गेलं की त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या बंद ठेवून कामाला मिळालेल्या वेळात, ती परत कसायची. काढणं सोपं आहे. कसणं सगळं तयारीवर अवलंबून असतं, आणि ती तयारी ब्लॉकच्या आदल्या आठवड्यात करायची असते, पुलावर उभं राहिल्यावर नाही. मागच्या वर्षी मी ती अर्धवट केली. तीन तासांचा ब्लॉक पावणेचार तासांवर गेला, तरी निम्म्या स्लीपरवर गार्ड रेल नुसती टेकवलेली राहिली आणि पुढचे चार दिवस प्रत्येक गाडी त्या पुलावरून वेग कमी करून गेली. आता पाऊस ओसरला आहे, पुलांचे ब्लॉक लागतील, म्हणून लिहितोय.

तर बुचं. गार्ड रेलचा स्क्रू काढला की काँक्रीटच्या स्लीपरमध्ये भोक उघडं पडतं. आत आट्यांची प्लास्टिकची नळी असते, डॉवेल म्हणतात ती. भोक उघडं ठेवून मशीन वरून गेलं की खडी हादरते, चुरा उडतो, मागून येणारी माणसं फावड्याने खडी ओढतात आणि ती सगळी बारीक कच त्या नळीत जाऊन बसते. वरून काही कळत नाही. मागच्या वर्षी मशीन पुलाबाहेर गेलं तेव्हा हातात एक तास होता, मी निर्धास्त होतो. पहिला स्क्रू लावला, पाना फिरवला, चार आटे गेला आणि थांबला. मुकादम म्हणाला, "साहेब, हा खाली बसत नाही." मी म्हटलं, जोर लावा. त्याने जोर लावला. स्क्रूचं डोकं रुळाच्या तळव्यापासून दोन बोटं वर तसंच राहिलं आणि नळीचे आटे आतून सोलले गेले. पुढच्या स्क्रूचं तेच, त्याच्या पुढच्याचं तेच. एका ट्रॅकमनने घण मारून एक बसवला. वरून बघितलं तर व्यवस्थित बसलेला, चिमटीत धरून ओढला तर बाहेर. त्याच्या आट्यांत काळी कच आणि प्लास्टिकचा कीस अडकला होता. तो स्क्रू अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

म्हणून नियम एकच: स्क्रू बाहेर आला की त्याच हाताने भोकात बूच. "सगळे स्क्रू काढून झाल्यावर एकदम बुचं लावू" हे चालणार नाही. काढलेली गार्ड रेल पहारीने सरकवतानाच खडी भोकात पडते, मशीन यायची वाट बघत नाही.

किती बुचं लागतील? ब्रॉडगेजवर स्लीपर साधारण ६० सेंटिमीटरवर असतात, म्हणजे ६० मीटरच्या पुलावर १००. आमच्या पुलावर दोन्ही गार्ड रेलचे मिळून एका स्लीपरला चार स्क्रू आहेत, म्हणजे भोकं ४००. पुलाच्या दोन्ही टोकांना गार्ड रेल आत वळत जाते तिथली वेगळी. तुमच्या पुलावर स्वतः चालत जाऊन मोजा, नकाशावरून नको. जेवढी भोकं तेवढी बुचं आणि वर पन्नास. बुचं लाकडाची, खाली निमुळती, वर बोटभर बाहेर राहतील अशी. भोकात घट्ट बसली पाहिजेत पण हाताने निघाली पाहिजेत. डोकी पिवळ्या रंगात बुडवून घ्या, कारण मशीन गेल्यावर स्लीपरवर खडी चढलेली असते आणि साध्या लाकडाचं बूच त्यात दिसत नाही. कापडाच्या चिंध्या कोंबू नका. मी नंतर एका छोट्या पुलावर करून पाहिलं, चिंधी आत सरकते आणि मग ती काढायला तार घालून बसावं लागतं. बुचं आदल्या दिवशी सांगून मिळत नाहीत, सुताराला आठवडाभर आधी सांगा. आज सांगा.

हत्यारांबद्दल फार लिहीत नाही. पहारी, घण, खडीचे काटे, झेंड्या, शिट्ट्या, हे मुकादमाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. फक्त स्क्रूच्या चौकोनी डोक्यावर बसणारे बॉक्स पाने तपासा. घासून गोल झालेला पाना डोकं खातो आणि तो स्क्रू मग ना निघतो ना कसतो. चार चांगले पाने लागतात, दोन-दोन माणसांच्या चार जोड्या धरून.

स्क्रू काढण्याची तालीम आधी करा. ब्लॉकच्या तीन-चार दिवस आधी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, गाडीवर नजर ठेवायला लुकआउटचा माणूस ठेवून, पुलाच्या दोन्ही टोकांचे आणि मधले काही स्क्रू थोडे फिरवून परत कसून बघा. गंजून धरलेले असतील तर तेल घालून ठेवायला वेळ मिळतो. जे हलतच नाहीत त्यांवर खडूने खूण करा आणि तेवढे नवे स्क्रू बरोबर घ्या. नवा स्क्रू जुन्याशेजारी धरून आटे जुळतात का बघा, लांबी बघा. डॉवेलच खराब झालेले दिसले तर ते काम या ब्लॉकमध्ये कोंबू नका, वेगळं लावून घ्या.

रुळांच्या तुकड्यांवर नंबर टाका. हे मी मागच्या वेळी केलं होतं आणि तेवढं एक सरळ झालं. गार्ड रेल बहुतेक वेळा जुन्या, काढलेल्या रुळांची असते. प्रत्येक तुकड्याची झीज वेगळी, फिशप्लेटची (दोन तुकडे जोडणाऱ्या लोखंडी पट्टीची) भोकं आपल्या जोडीदाराशीच जुळतात. तुकड्याच्या पोटावर ऑइल पेंटने डावी-उजवी, क्रमांक आणि कुठलं टोक कुठल्या दिशेला हे लिहा. टोकाकडच्या स्लीपरचं तर विशेष लक्षात ठेवा: तिथे दोन्ही गार्ड रेल एकमेकींकडे येत जातात, म्हणून प्रत्येक स्लीपरवर भोकांची जागा वेगळी असते. त्यातला एखादा बदलायचा असेल तर त्याच जागेचाच आणा. शेजारचा चालत नाही.

उंची. गार्ड रेलचा माथा धावत्या रुळाच्या माथ्यापेक्षा २५ मिलिमीटरहून जास्त खाली असता कामा नये. ऐकायला सैल वाटतं, पण हिशोब करा. ६० किलोच्या (म्हणजे मीटरला ६० किलो भरणाऱ्या) रुळाची उंची १७२ मिलिमीटर, ५२ किलोच्या रुळाची १५६. बैठक एकाच पातळीत असेल आणि गार्ड रेल ५२ किलोची असेल तर १६ मिलिमीटर तिथेच गेले, उरले ९. त्यात धावत्या रुळाखालच्या रबर पॅडची जाडी धरा. त्यात जुन्या रुळाची माथ्याची झीज धरा. आता काय उरलं? धावते रूळ बदलून झालेल्या पुलावर जुनी गार्ड रेल तशीच राहिली असेल तर हे मोजल्याशिवाय ब्लॉकला जाऊ नका. सरळ पट्टी दोन्ही रुळांवर आडवी धरा आणि फट मोजा, दर दहा स्लीपरला एकदा. आडवी पट्टी लाकडाची घ्या. ट्रॅक सर्किटच्या भागात (रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखली जाते तिथे) लोखंडी पहार किंवा टेप दोन धावत्या रुळांवर आडवी पडली की सिग्नल लाल होतो.

गार्ड रेल आणि तिच्या शेजारचा धावता रूळ यांमधलं अंतर ब्रॉडगेजवर २५० मिलिमीटर, ५० इकडे-तिकडे चालतं. २५० चा एक लाकडी ठोकळा कापून घेतला की टेप उलगडत बसावं लागत नाही. हे अंतर उगाच ठरवलेलं नाही. गार्ड रेल गाडीला घसरण्यापासून वाचवत नाही. पुलावर येण्याआधीच घसरलेलं चाक ती रुळाजवळ अडवते, म्हणजे डबा कठड्याकडे जात नाही. रात्री त्या डब्यात माणसं झोपलेली असतात. हे एकदा मनात बसलं की दोन बोटं वर राहिलेला स्क्रू बघवत नाही. सैल गार्ड रेलला चाकाचा धक्का बसला तर ती स्वतःच उचलली जाईल आणि मग ती नसलेली बरी.

टोकं बघून या. दोन्हीकडे गार्ड रेलची टोकं खाली वाकवून खडीत पुरलेली असली पाहिजेत आणि तिथे लाकडी ठोकळा हवा, नाहीतर एखाद्या गाडीचं लोंबतं कपलिंग तिथे अडकू शकतं. हा ठोकळा कुजलेला असतो. आमच्याकडे हाताने भुगा होत होता. नवा बरोबर न्या.

लांब वेल्डेड रूळ असेल तर रुळाचं तापमान घ्यायला थर्मामीटर. डी-स्ट्रेसिंग तापमानाच्या (रुळातला ताण काढून तो कसला तेव्हाच्या तापमानाच्या) १० अंश वर ते ३० अंश खाली, या पट्ट्यातच खडी हलवायची. दुपारचा ब्लॉक मिळत असेल तर आधी हे बघा आणि नसेल जमत तर ब्लॉक नाकारा, कुणी कितीही घाई केली तरी.

धावत्या रुळाच्या क्लिपा (रूळ स्लीपरला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगसारख्या) याच फेरीत बघून घ्या. लायनर (क्लिप आणि रुळामधला तुकडा) आणि रबर पॅड सरकलेत का, क्लिप पूर्ण बसली आहे का. क्लिपचा मधला पाय इन्सर्टच्या (स्लीपरमध्ये बसवलेल्या लोखंडी डोळ्याच्या) तोंडाशी बरोबर सपाट यायला हवा. अलीकडे राहिली तर पकड कमी, जास्त ठोकली तरी पकड कमी, शिवाय इन्सर्टवर तिरका भार येतो. गडी माणूस शेवटचा एक घण जास्तच मारतो, त्याला समोर उभं राहून दाखवावं लागतं. फिशप्लेटच्या जोडावर साधी क्लिप बसत नाही, तिथे जे क्लिप लागते, आठ-दहा पिशवीत असू द्या. क्लिप परत लावताना इन्सर्टचा डोळा पुसून ग्रेफाइट ग्रीस.

आणि बुचं आली का सुताराकडून? नसतील आली तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे जा. आली असतील तर एक बूच घेऊन पुलावर जा आणि उघड्या भोकात घालून बघा. माप चुकलेली चारशे बुचं म्हणजे नसल्यासारखीच.

आदल्या संध्याकाळी माणसं वाटून द्या. एका जोडीत एकजण स्क्रू काढतो, दुसरा बूच लावतो. दुसऱ्याच्या हातात दुसरं कुठलंही हत्यार देऊ नका. हत्यार दिलं की तो मदतीला धावतो आणि भोक उघडं राहतं. निघालेले स्क्रू गोणीत, स्लीपरवर किंवा खडीत नाहीत. गार्ड रेल काढून कुठे ठेवणार तेही ठरवा. मशीनला आणि शेजारच्या लाइनला अडणार नाही अशी जागा. १३ मीटरचा ५२ किलोचा तुकडा पावणेसात क्विंटलच्या आसपास भरतो, दुसऱ्यांदा हलवायला वेळ नसतो. वर २५,००० व्होल्टची तार आहे, पहारी उभ्या धरून चालू नये हे पुन्हा सांगा.

ब्लॉकच्या दिवशी: संरक्षण लागल्याशिवाय पानाही उचलायचा नाही. ६०० मीटरवर लाल बॅनर, १२०० मीटरवर फटाके (रुळावर ठेवायचे, चाकाखाली वाजणारे), नियम माहीत आहेत. स्क्रू काढा, बूच लावा, मुकादमाने मागून चालत प्रत्येक स्लीपर बघायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. तो आकडा पूर्ण झाल्यावरच मशीन पुलावर. मशीनवाले घाई करतील. पाच मिनिटं थांबवा. मागच्या वर्षी मी तीच पाच मिनिटं वाचवली होती.

मशीन गेलं की झाडू, मग बुचं काढणं. एका वेळी एकाच स्लीपरची काढा आणि लगेच स्क्रू लावा. तरी कच गेलीच तर हातपंपाने हवा मारा, वाकवलेल्या तारेने काढा. पाणी ओतू नका, तळाशी चिखल होऊन बसतो. स्क्रू आधी हाताने फिरवा, हाताने चार-पाच आटे गेला तरच पाना. अडला तर बाहेर काढा, साफ करा, परत. घण नाही. कुठल्याही परिस्थितीत घण नाही.

आधी टोकं आणि जोड कसा, मग मधलं. ठोकळ्याने अंतर, पट्टीने उंची. फिशप्लेटचे बोल्ट सगळे. हत्यारं मोजा, माणसं मोजा, ब्लॉक परत द्या. पहिली गाडी पुलाजवळ सुरक्षित जागी उभं राहून बघा, गार्ड रेल वाजते का ऐका.

मग बुचं मोजून गोणीत भरा. दिली तेवढी परत आली पाहिजेत. एक कमी भरलं तर ते खडीखाली कुठल्यातरी भोकात आहे आणि तिथे स्क्रू लागलेला नाही. परत जाऊन शोधा.