रॉटवायलर पाळताय? मग या चुका टाळा

रॉटवायलर कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की मालकाचे दोन प्रश्न ठरलेले: "हा अंगाने भरायला काय देऊ?" आणि "हा कडक कधी होणार?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, जरा दम धरा. पण ते कुणाला ऐकायचं नसतं.

आधी कॅल्शियमचं बघू, कारण याच्याइतका वैताग मला कशाचाच येत नाही. पूर्ण वाढलेला नर 61 ते 69 सेंटिमीटर उंच आणि 50 किलोच्या आसपास असतो. मादी थोडी लहान, साधारण 42 किलोची. एवढं वजन पेलणारी हाडं पक्की व्हायला दीडेक वर्ष लागतं आणि लोकांना तो सहाव्या महिन्यात वाघ दिसायला हवा असतो. मग मोठ्या जातींच्या पिल्लांचा तयार खुराक, वर कॅल्शियमचं सिरप, त्यावर कुणीतरी सांगितलेली पावडर. त्या खुराकात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही, त्यामुळे वरून ओतलेलं अंगात मुरतं आणि हाडांची वाढच बिघडते.

ओळखीतल्या एकाचं पाच महिन्यांचं पिल्लू होतं. डोकं केवढं, छाती केवढी, बघणारे खूश. पण उठताना ते आधी मागचा भाग उचलायचं, मग पुढचा एकेक पाय जपून टेकायचं. पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले, मनगटं वाकलेली. मालक विचारतोय, "कॅल्शियम कमी पडतंय वाटतं, डोस वाढवू का?" एक्स-रे निघाले, सिरप बंद झालं, खाण्याला लगाम बसला. पुष्कळ सुधारलं ते, पण एक पाय वाकडा राहिला तो राहिलाच.

मी वजनकाट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवतो. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत, लांबून दिसता कामा नयेत. गुबगुबीत पिल्लू फोटोत छान दिसतं, भोगतात ते त्याचे सांधे. दीड वर्षापर्यंत जिन्यावरून पळापळ आणि गाडीमागे धावणं बंद. गुळगुळीत फरशीवर काहीतरी अंथरा.

दुसरी चूक 'कडक' करण्याची. त्यासाठी पिल्लाला दिवसभर साखळीला बांधायचं, पाहुणे आले की खोलीत कोंडायचं, वर काठी दाखवून चिडवायचं. अहो, जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकणारी, माल राखणारी ही जात. 1910 मध्ये तिला पोलिसी कामासाठी मान्यता मिळाली. राखण तुम्ही काय शिकवणार? वयात आला की तो आपसूक दाराकडे कान लावून बसतो. शिकवायचं असतं ते उलटं, की दारात आलेला प्रत्येक माणूस शत्रू नसतो. हे पिल्लाच्या डोक्यात सगळ्यात सहज बसतं ते तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. लसी अपुऱ्या असतील तर पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, भीती खरीच आहे, आणि या जातीला तर जास्तच. म्हणून मी पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवतो. छत्री, हेल्मेट, रडणारं मूल, सगळं त्याला लांबून दाखवून घेतो.

गुरगुरला म्हणून मारू तर अजिबात नका. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. मग लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

बाकीचं थोडक्यात. उन्हाळा आला म्हणून अंगावरचे केस भादरू नका. शेपूट कापू नका, जातीच्या मानकातही ती अख्खीच लागते. आई-बापाच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे न बघता पिल्लू घेऊ नका. नसबंदीची घाई नको. या जातीत वर्षाच्या आत ती केली तर हाडाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला आहे, तेव्हा वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि पोटफुगी. खोल छातीच्या कुत्र्यात जठर फुगून पीळ बसू शकतो. उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, पोट टम्म होतं, कुत्रा एका जागी बसत नाही. अशा वेळी ओवा-सोड्याचे प्रयोग करत सकाळची वाट बघायची नसते, काही तासांत जीव जातो. रात्री-अपरात्री ऑपरेशन कोण करतं हे पिल्लू आणण्याआधीच विचारून ठेवा. तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा, फक्त तुमच्या नाही.